बुआचा शब्द

रिसालो : काढ आता हात बाहेर, भतेरी. म्हशीला काही झालेलं नाही.

भतेरी : ते मी ठरवते, भाभी. तू शेपूट धर नीट. ...साडेतीन महिन्यांची गाभण आहे. रेडकू जिवंत आहे, पिशवी निरोगी आहे. मग फोनवर का सांगितलंस, म्हैस गाभडतेय म्हणून? हिसारहून पहिल्या बसनं धावत आले मी.

रिसालो : म्हैस म्हटल्याशिवाय आली असतीस? भावाच्या तेराव्याला आलीस ती शेवटची. चार वर्षं झाली त्याला.

भतेरी : नोकरी होती.

रिसालो : निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली की! सदतीस वर्षं म्हशींच्या पोटात हात घालत हिंडलीस, आणि भावाच्या दारात पाय ठेवायला सवड नाही.

भतेरी : बादली सरकव इकडे. साबण दे. टोमणे नंतर मार, आधी काय झालंय ते सांग.

रिसालो : मोनिकाला दिवस गेलेत. चौथा महिना सरत आला.

भतेरी : सुनेला? अगं मग गूळ आण, तोंड गोड कर! असं तोंड पाडून काय सांगतेस?

रिसालो : दोन मुली आहेत तिच्या पदरात. कुलबीर म्हणतो, तिसरी नको. परवा कुणा एजंटबरोबर यमुनेपलीकडे न्यायचं ठरवून बसलाय. बंद गाडीत नेतात, तिथं बघतात, आणि मुलगी निघाली तर तिथल्या तिथं मोकळी करून आणतात. मी म्हटलं, परक्याच्या हातात कशाला देतोस? तुझ्या बुआला, सख्ख्या आत्याला बोलावते.

भतेरी : तू म्हणालीस? भाभी, तू?

रिसालो : हो, मी.

भतेरी : दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता मी. तुझ्या अंगावरून एवढं गेलं, आणि तू...

रिसालो : ओरडू नकोस, म्हैस बिथरते.

भतेरी : मी सोनोग्राफीच्या यंत्राला हात लावणार नाही. हे जनावरांचं यंत्र आहे. सरकारदरबारी नोंद आहे त्याची. तुरुंगात जाईन मी, आणि तो कुलबीरही. बोलाव त्याला, इथंच गोठ्यात कानफटवते.

रिसालो : कानफटव. तुझा भाचा आहे. मग परवा तो तिला घेऊन जाईल. तू हिसारला असशील, मी चुलीपाशी असेन.

भतेरी : पोलिसांना कळवते.

रिसालो : कळव. हा नाही तर दुसरा एजंट गाठेल तो. आणि तोवर ती पोर आतल्या आत मरेल. चार दिवस अन्नाला शिवलेली नाही ती. आभाळच फाटलंय, भतेरी. तू कुठं कुठं ठिगळ लावशील?

भतेरी : मग मी काय करू म्हणतेस?

रिसालो : बघ. आणि मुलगा आहे म्हण.

भतेरी : आणि मुलगी असली तर?

रिसालो : तरी मुलगाच म्हण. अगं, म्हणून तर बोलावलं तुला!

भतेरी : ...खोटं सांगू?

रिसालो : हो. खोटं.

भतेरी : तुला माहीत आहे ना, साहेबांनी मला आकडे बदलायला सांगितले होते? नव्या इंजेक्शननं म्हशी लवकर गाभण राहतात असं दाखवायचं होतं त्यांना. मी नाही बदलले. अकरा वर्षं बढती अडवून ठेवली त्यांनी. माझ्या हाताखालची पोरं माझी साहेब झाली. तरी नाही बदलले.

रिसालो : ठाऊक आहे गं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा.

भतेरी : पोटातलं रेडकू नर की मादी, टोणगा आहे की पारडी, हे साठाव्या दिवशी या मुलखात पहिल्यांदा मी सांगायला लागले. लोक हसायचे. मग पन्नास गावांत शब्द झाला, भतेरी बोलली म्हणजे झालं. माझ्याकडे तेवढंच आहे, भाभी. नवरा नाही, मूल नाही. आणि पाच महिन्यांनी या घरात मुलगी जन्मली की तेच लोक म्हणतील, म्हातारी आयुष्यभर अंदाजपंचे ठोकत होती. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून म्हशी विकल्या, ठेवल्या, ते सगळे म्हणतील.

रिसालो : म्हणू देत.

भतेरी : तुला म्हणायला काय जातं!

रिसालो : मला? मला काय जातं? तुझ्या त्या खऱ्या शब्दापायी माझं काय गेलं ते विसरलीस?

भतेरी : ...नाही विसरले.

रिसालो : तेव्हाही याच गोठ्यात म्हशी तपासायला आली होतीस. नवं यंत्र, सगळा गाव गोळा झालेला. तू म्हणालीस, पारडी आहे, आणि सासऱ्यांनी गूळ वाटला. मग तुझा भाऊ म्हणाला, भतेरी, जरा आपल्या रिसालोचंही बघ. तो दांडा म्हशीतून काढलास, धुतलास, आणि माझ्या पोटावर ठेवलास. गार होता. मी हसले होते गं! मला वाटलं, थट्टा चाललीय. आणि तू पडद्याकडे बघत म्हणालीस, मुलगी.

भतेरी : मी दिसलं ते सांगितलं. शपथेवर सांगते, मला वाटलं नव्हतं तो असं करेल. माझा भाऊ होता तो. मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा.

रिसालो : पारडी म्हटलं तर गूळ, आणि मुलगी म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात न्यायला जीप. तुला वाटलं नव्हतं? तुझ्याच बापानं पाचव्या मुलीचं नाव भतेरी ठेवलं, पुरे झाल्या म्हणून. आणि तुला वाटलं नव्हतं?

भतेरी : मारतेस तेवढं मार. तुझा हक्क आहे. एकोणतीस वर्षं मी या घराच्या बाजूला तोंड करून झोपलेले नाही.

रिसालो : मला मारायचं नाहीये. मला ही पोर वाचवायची आहे. एकदा जन्माला आली की मी बघते कोण हात लावतं ते. तेव्हा मी सून होते, डोक्यावर पदर होता. आता या घरात सासू मी आहे.

भतेरी : मोनिकाला ठाऊक आहे, तू मला काय सांगतेयस ते?

रिसालो : तिनंच तुझं नाव काढलं. म्हणाली, यांचा बुआवर देवापेक्षा जास्त विश्वास आहे.

कुलबीर : राम राम बुआ! पाया पडतो. कधी आलीस? आणि आल्या आल्या म्हशीपाशी? आईनं लस्सी तरी विचारली की नाही?

भतेरी : जगत राहा. वजन वाढलंय तुझं.

कुलबीर : सुखाचं आहे, बुआ. म्हशीचं काय?

रिसालो : म्हैस ठणठणीत आहे. मी बोलले तिच्याशी.

कुलबीर : मग? बघशील ना? रागावू नकोस गं. मी काही राक्षस नाही. दोघी पोरी माझा जीव आहेत, विचार आईला. पण चार एकरांत तिसऱ्या लग्नाचं कुठून आणू? आणि लोक बोलतात. परवा गावच्या चौपालीवर बसलो होतो, एकजण म्हणाला, कुलबीरच्या घरी फक्त म्हशींनाच कळतं काय व्यावं ते. सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

भतेरी : त्याच्या थोबाडीत मारायची होतीस.

कुलबीर : माझ्या बापूसाठी बघितलं होतंस ना तू? बापू नेहमी सांगायचा, कुलबीर, तू या जगात आलास तो बुआमुळं.

रिसालो : तो असं सांगायचा?

कुलबीर : तुझ्यासमोर नाही सांगायचा. एकदा मात्र हे बोलता बोलता रडला होता. का ते नाही कळलं मला.

भतेरी : ...यंत्राची पिशवी उचल ती. आणि हात धुऊन ये. गोठ्यातले हात घेऊन गरोदर बाईजवळ जायचं नाही.

(आतली खोली. मोनिका खाटेवर डोळे मिटून पडली आहे. यंत्राचा पडदा भतेरीच्या बाजूला आहे.)

कुलबीर : पडदा जरा इकडे कर ना, बुआ.

भतेरी : तुला काय कळणार? तुला नुसता धूर दिसेल. गप्प उभा राहा. मोनिका, बेटा, श्वास सोड. गार लागतंय? दांडा मी हातावर घासून गरम केलाय. असं. ...डोकं. पाठीचा कणा. काळीज चालतंय छान.

कुलबीर : पुढे?

भतेरी : घाई करू नकोस. पाय आवळून बसलंय.

रिसालो : हलेल गं. थांब थोडं.

कुलबीर : बुआ, तुझ्या कपाळाला घाम आलाय.

भतेरी : वय झालंय. ...हां. हललं.

कुलबीर : काय दिसलं?

भतेरी : मोनिका, कूस बदलू नकोस. तशीच राहा.

कुलबीर : बुआ! बोल ना. माझं काळीज फुटेल आता.

भतेरी : मुलगा आहे.

कुलबीर : नक्की? बघ परत एकदा. नक्की ना?

भतेरी : कुलबीर, इतक्या वर्षांत माझं सांगणं किती वेळा चुकलं?

कुलबीर : एकदाही नाही.

भतेरी : मग?

कुलबीर : आई! आई, ऐकलंस? मोनिका, अगं रडतेस काय वेडे, ऊठ! थांब, आधी त्या माणसाला फोन करतो, परवाची गाडी नको म्हणून. आणि जिलेबी आणतो. बुआ, तू आज जायचं नाहीस. चूरमा करायला सांगतो. बुआ, तुझे पाय कुठं आहेत?

भतेरी : पुरे, पुरे. जा. आणि तिला काहीतरी खायला आण आधी.

रिसालो : गेला. पोरी, तूही पड जरा. डोळे पूस. आम्ही ओट्यावर बसतो. ...ये, भतेरी, बस अशी. मुलगीच ना?

भतेरी : हो.

रिसालो : चांगली आहे?

भतेरी : अगदी चांगली. वयाच्या मानानं लांबी जास्तच आहे. उंच होईल.

रिसालो : तुझ्यावर जाईल. ...पाच महिन्यांनी तुला फार ऐकून घ्यावं लागेल गं.

भतेरी : ऐकेन. कुलबीर पुन्हा तोंड बघणार नाही माझं, तेवढंच वाईट वाटतंय. या घरात माझं तेवढं एकच लेकरू आहे.

रिसालो : बघेल. पोरगी मांडीवर खेळायला लागली की बघेल. ...भतेरी, एक विचारू? कधीचं विचारायचं होतं. धीर होत नव्हता.

भतेरी : विचार.

रिसालो : माझ्या त्या पोरीला मी नाही पाहिलं. तिच्या बापानंही नाही. तिथं दवाखान्यात मला गुंगीचं औषध दिलं होतं, आणि नंतर कुणी दाखवलं नाही. या जगात तिला पाहिलेली तू एकटीच आहेस. काय करत होती ती?

भतेरी : भाभी, नको.

रिसालो : सांग. खरं सांग.

भतेरी : ...पाठमोरी होती आधी. मग तू खोकलीस, आणि ती दचकली.

रिसालो : दचकली?

भतेरी : अख्ख्या अंगानं. दोन्ही हात वर उडाले. मग एक हात हळूहळू तोंडापाशी नेला, आणि निवांत झाली.

रिसालो : मला सर्दी झाली होती तेव्हा.

भतेरी : हो. नाक लाल झालं होतं तुझं.

रिसालो : त्याआधीचा आठवडाभर खोकत होते गं मी. आठवडाभर झोप लागली नसेल तिला.