ताईची ओळ

— नाही हो, पियानो बिघडलेले नव्हते. तुमच्या मुलीला शिकवीन मी, त्याचं काही नाही, पण तुम्ही रेडिओवरच्या त्या कार्यक्रमाचं काढलंत म्हणून सांगते. लोकांनी फोन केले, तबकडी अडकलीय म्हणून. तबकडी कुठली? थेट प्रक्षेपण होतं, आणि लिहिलंच तसं होतं. चार पियानो, चार माणसं, प्रत्येकाला सुरांची एकच छोटी ओळ. ती हवी तितक्या वेळा वाजवायची, हव्या त्या वेगानं, वाटेल तेव्हा थांबायचं. चौघंही थांबले की संपलं. संगीतकार म्हणाला, वीसेक मिनिटं होतील फार तर. भला माणूस. त्याला काय माहीत, एका पियानोवर मी, समोरच्यावर माझी थोरली बहीण, आणि आमचं कित्येक वर्षं बोलणं बंद!

का म्हणजे? — तिनं एका मुलाखतीत सांगितलं, "धाकटी बिनचूक वाजवते." बिनचूक! असं टायपिस्टबद्दल बोलतात. मी फोन केला नाही, तिनंही केला नाही. झालं.

तर वाजवायला लागलो. आधी दुसऱ्या पियानोवरचे बँडमास्तर थांबले, त्यांना खोकला आला. मग तिसऱ्या पियानोवरची मुलगी थांबली. राहिलो आम्ही दोघी. आता आधी कोण थांबणार? मी? — मी का म्हणून? आणि ताई तर मुळीच नाही. काचेपलीकडे बातम्यावाले गृहस्थ हातात कागद धरून घड्याळ दाखवतायत, संगीतकार डोकं धरून बसलाय, आणि आमचं आपलं तेच, तेच, तेच — बातम्या गेल्या, हवामान गेलं. मग ताईची ओळ लंगडायला लागली. मला वाटलं, दमली. खरं सांगते, बरं वाटलं. वर बघितलं तर तिचा उजवा हात पट्ट्यांवर वळून बसलेला, बोटं उघडेचनात, आणि ती त्या हाताकडे बघतेय, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा. पण दचकलेली नाही हं. म्हणजे हे आधीपासून चाललेलं. कुणाजवळ बोलली नव्हती.

मग काय करणार? — तिची ओळ मी डाव्या हातात घेतली. माझी उजव्यात होतीच. घरोघरी लोकांना दोघी ऐकू येत होत्या. किती वेळ, ते विचारू नका. शेवटी ताईनं मान हलवली — लहानपणी एका बाकावर बसून चार हातांनी वाजवायचो ना, तेव्हा शेवट तीच द्यायची, अश्शी मान हलवून — आणि मी दोन्ही हात उचलले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "दोन बहिणींचा संवाद." संवाद! — हे कुठे बोलू नका हं. मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हाला तरी का सांगितलं कोण जाणे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती म्हणाली, "तुझा डावा हात जोरात होता." इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे. मी म्हटलं, "तो तुझा होता." कोटाची बाही सापडेना तिला, ती मी धरली.

अहो, रडताय काय! — तो रुमाल पियानोवर नका ठेवू, डाग पडतात. मुलीला गुरुवारी पाठवा, नखं कापून. आणि आता निघा बघू. ताईला हाताच्या व्यायामाला न्यायचंय. कधीची खाली येऊन उभी असेल, पण हाक म्हणून मारायची नाही.