अकरा चाचे आणि आरवणारी कोंबडी

— नाही हो, चावत नाही, टोचते. आणि कोंबडा नव्हे, कोंबडी आहे ती. आत्ता आरवली ना — आरवू दे, आरवते ती, पण आहे बाईच. उलटाच कारभार आहे, तुमचा बोका टोपलीत थरथरतोय आणि ही पिंजऱ्यात मजेत. काय म्हणालात — माझी? चौथ्या मजल्यावरची बाई आपणहून कोंबडी पाळेल, असं वाटलं तुम्हाला माझ्याकडे बघून? मुलाची आहे. मुलगा कवळ्या बनवतो — हो, दातांच्या — उत्तम बनवतो, ही माझ्या तोंडातली त्यानेच केलेली — पस्तिशी उलटली आणि नाद काय, तर समुद्री चाचे! खरे नव्हेत, खरे असते तर एव्हाना पोलिसांनी तरी नेले असते. पुस्तकातले. नऊ भाग आहेत. दीडपाय्या कप्तान म्हणून कोणी एक आहे, त्याच्या खांद्यावर पोपट नाही, कोंबडी. का, तर लेखकाला पोपट परवडला नसेल. मग आमच्या चिरंजीवांनाही कोंबडीच हवी. हौसेला मोल नाही म्हणतात, वास मात्र असतो, आणि तो माझ्या बाल्कनीला.

पहिल्यांदा मला म्हणाला, आई, रविवारी आपल्याकडे चाचे येणार आहेत. मी म्हटलं, आपल्याला कुठले रे चाचे? तुझ्या बापाला भाऊच नाही. पण असतील कोणाचे तरी, म्हातारी माणसं, म्हणून मी बापडीने बिनसाखरेचा चहा टाकला, खुर्च्यांवर उशा ठेवल्या, बाथरूममध्ये पाय घसरू नये म्हणून पायपुसणं घातलं — आणि आले कोण? डोळ्याला काळी पट्टी बांधलेले अकरा घोडे! एक बँकेत आहे, एक शाळेत गणित शिकवते, एक तर दोन लेकरांची आई. पुस्तकात पोपट नसेल, पण माझा झाला की नाही? तेव्हापासून माझ्या सोफ्याला गलबत म्हणतात. आणि ही बया — गुपचूप अंडी घालायची तेव्हा कोणी ढुंकून बघत नव्हतं — एके दिवशी अंडी बंद केली आणि आरवायलाच लागली! तुरा वाढला, चालीत ऐट आली. झालं! पुस्तकातली कोंबडी तुफान यायच्या आधी आरवते ना, तिसऱ्या भागात — नाही, तिसऱ्यात नुसती फडफडते, आरवते चौथ्यात — मी वाचत नाही हो, धूळ झटकताना उघडं पडलेलं असतं, तेवढंच. तर ही आरवली की अकराच्या अकरा जण सोफ्यावर चढून वल्ही मारतात. खालच्या मजल्यावरच्या बाई भांडायला वर आल्या होत्या. आता त्या शिडं शिवतात. माझ्याच पडद्यांची.

चमत्कार म्हणे! मागच्या आठवड्यात मी हिला गुपचूप इथे घेऊन आले, तर डॉक्टर म्हणाले, काकू, चमत्कार कसला, आजार आहे. कोंबडीला चालू अंडाशय एकच असतं, डावीकडचं. ते बिघडलं की कधीकधी ती कोंबड्याच्या वळणावर जाते. हिला तिथे गाठ आहे. कापता येईल की नाही, ते आज सांगणार. — नाही, मुलाला नाही सांगितलं. कसं सांगू? माहीत आहे मला, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण तो राहतो कुठे माझ्याजवळ? दोन वर्षं झाली, कामाजवळ खोली घेतली. घरमालकाला कोंबडी चालत नाही — देव त्या घरमालकाचं भलं करो — म्हणून ही माझ्याकडे, आणि ही माझ्याकडे म्हणून तो दर रविवारी माझ्याकडे. दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, कशी आहे ती? ती म्हणजे ही. मी नव्हे. मी तिथेच उभी असते, ट्रे धरून. गैरसमज नको हं, पोरगा गुणाचा आहे. पण ही गेली तर तो कशाला यायचा? आईला बघायला कोणी वल्ही घेऊन येतं का? — रुमाल नको. रडत नाहीये मी. मला पिसांची ॲलर्जी आहे.

थांबा, फोन. — त्याचाच! आज मंगळवार ना? — हॅलो. काय रे? हो, डॉक्टरकडेच आलेय, तुला कोणी सांगितलं? खालच्या बाईंनी? — हो. अंडाशयातच. डावीकडे. हो रे, गाठ म्हणाले. — अरे, तू रडतोयस की काय? वय झालं की व्हायचंच असं काहीबाही. — काय? काही झालं तर? कोणाला? — 

मला?

— हं. ऐकतेय. — नाही, घाबरले नाही. — नाही, एकटीच आलेय. — तुझं काम? — बरं. ये मग. पुलाच्या अलीकडचा दवाखाना. गाडी हळू चालव. ऐकलंस का — हळू.

— असं काय बघताय माझ्याकडे? काय खोटं बोलले मी? डॉक्टरकडे आहे म्हटलं, आहे. गाठ आहे म्हटलं, आहे. खालच्या बाई जिन्यात भेटल्या, अंडाशयाला गाठ आहे, डॉक्टरकडे चाललेय, घाईघाईत तेवढंच सांगितलं. पिंजऱ्यावर चादर होती, त्यांनी त्यांच्या मनाने अर्थ लावला, त्याला मी काय करू? इथे दारावर एवढा मोठा बैल रंगवलाय, आला की कळेलच त्याला. मग ओरडेल. ओरडू दे पोटभर. तोवर अर्धा तास मला आजारी राहू द्या हो.

— कोण, आम्ही? आमचा नंबर? नाही नाही, यांना घ्या आधी. उठा, उठा तुम्ही, टोपली घ्या आणि जा आत. आम्हाला घाई नाही.