अर्धवट कादंबरीतल्या मामी

महिनाभरात कादंबरी पुरी करायच्या चॅलेंजमध्ये मी दरवर्षी उतरतो आणि दरवर्षी निम्म्यातच गळतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या खेपेला काही सुचेना, म्हणून वडगाव रासाईच्या मामांचंच घर कादंबरीत घातलं. नावं बदलली, पण मामी भांडून दौंडला माहेरी गेल्या ते जसंच्या तसं लिहिलं. रोज फेसबुकवर टाकायचो. मग नेहमीसारखं सोडून दिलं.

थोड्या दिवसांनी मामांचा फोन आला. वाटलं, आता शिव्या बसणार.

"त्यो नवरा म्हंजी मीच ना रं?"

"हो मामा. चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ दे. ती परत येती का न्हाई, तेवढं सांग."

"मामा, पुढचं लिहिलंच नाही."

"मग लिव्ह की," मामा हळूच म्हणाले. "तिकडं ती बी वाचती म्हणं."