ताटाखालची नोट

परदेशी पाहुण्याला घरी जेवायला आणणार असाल, तर त्याला टिपेबद्दल आधीच सांगून ठेवा बरं. लाखेच्या बांगड्यांची ऑर्डर द्यायला आमच्याकडे एक अमेरिकन आला होता. सही तेवढी बाकी होती, म्हणून मी त्याला बरकतपुऱ्याला घरीच घेऊन आलो. तो मजेत जेवत होता. जेवून तो हात धुवायला गेला. बायकोनं ताट उचललं, तर खाली पाचशेची नोट.

“ही काय खानावळ आहे?”

“अगं हळू, ऑर्डर जाईल.”

“हौ, जाऊ दे.”

तो हात पुसत आला, तशी तिनं नोट त्याच्या हातावर ठेवली. तो गोरामोरा झाला.

“कमी दिले का?” त्यानं मला विचारलं.

म्हटलं, “घरच्या जेवणाला पैसे देत नाहीत. ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात.”

त्यानं हात जोडून अडखळत तीनदा म्हटलं. बायको हसली आणि त्यानं तिथंच सही केली.

तो गेल्यावर मी म्हटलं, “सुटलो बुवा.”

ती म्हणाली, “तुम्ही कसले सुटता? तीस वर्षं जेवताय, तुमची टीप अजून यायचीय.”