एक बोट लांब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या केंद्राचे संचालक साहेब. मंचावरचे सन्माननीय पाहुणे. माझ्याबद्दल आत्ताच इतकं गोड बोलून खाली बसलेले डॉक्टर साहेब. कार्यशाळेतले माझे सोबती. पहिल्या रांगेत नवा कोट घालून बसलेला माझा दादा. आणि ज्यांचे पाय बनवता बनवता माझी चौतीस वर्षं कशी गेली ते मला कळलंही नाही, ती मागच्या रांगांमधली सगळी मंडळी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. संचालक साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मला दिसतंय. साहेब, एवढा एक दिवस ते पालथं ठेवा. उद्यापासून मी तुमचा वेळ खायला येणार नाही.

डॉक्टर साहेब म्हणाले, बाई अत्यंत शांत आणि मनमिळाऊ, चौतीस वर्षांत त्यांचा आवाज कधी चढला नाही. तेव्हा कार्यशाळेतली माणसं रुमाल तोंडावर धरून बसली होती. हसा, हसा. निरोपाच्या दिवशी माणूस असाच एकदम गुणी होतो. मला त्याचं काही वाटत नाही, कारण मी इथे हजर आहे आणि तुम्ही मला ओळखता. पण जो माणूस हजर नाही, त्याच्याबद्दल कोणी असं गोड बोलायला लागलं, तर त्याच्या बाजूने बोलायचं कोणी?

तुमच्या हातातल्या पत्रिकेत माझ्या भाषणानंतर लिहिलंय, कपाटाचं अनावरण. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. दाराशी ते निळ्या कापडाने झाकलेलं काचेचं कपाट आहे ना, ते माझ्या वडिलांचा कृत्रिम पाय ठेवण्यासाठी केलंय. बाबा लढाईत गेले होते आणि एका पायावर परत आले. त्यांचा पाय दादाने केंद्राला दिला, केंद्राने कपाट बनवलं, त्यावर पितळी पाटी बसवली. मला हे सगळं आज सकाळी कळलं. म्हणे आश्चर्याचा सुखद धक्का द्यायचा होता. धक्का बसला, साहेब. सुखद होता का, ते आता सांगते.

पाटीवर लिहिलंय, ‘देशासाठी हसत हसत पाय देणाऱ्या आणि आयुष्यभर एकही तक्रार न करणाऱ्या वीरास.’

अक्षर सुरेख आहे. पितळ चांगलं जाड वापरलंय. फक्त मजकूर खोटा आहे, आणि माझ्या देखत तो कपाटावर राहू शकत नाही.

दादा, मान खाली घालू नकोस. तू ते प्रेमाने लिहिलंस, मला माहीत आहे. तू परगावी नोकरीला होतास, तुला बाबा सुट्टीतले भेटले. मला रोजचे भेटले. रोजचे बाबा हसत हसत काहीच करत नसत. त्यांना चहा गरम लागायचा नाही, उशी उंच लागायची, दाराची कडी कुरकुरली की शेजारच्या सुताराला हाक जायची. आई म्हणायची, हे वर गेले तरी आधी विचारतील, तक्रारवही कुठे ठेवलीय?

आमच्या घरात भिंतीवर एक फोटो होता, आजोबांचा. ते आधीच्या लढाईत गेले होते, धडधाकट परत आले आणि मग मरेपर्यंत त्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. पाहुणे यायचे, फोटोपुढे दोन क्षण उभे राहायचे, वा म्हणायचे आणि जेवायला बसायचे. बाबा एकदा त्या फोटोकडे बघून मला म्हणाले, “ह्यांना कोणी काही विचारलं नाही आणि ह्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. झाला फोटो. माझा असा फोटो होऊ देऊ नकोस.”

मी हो म्हटलं होतं. आज मी बोलतेय ती त्या एका होकारामुळे.

आता बाबांचा पाय कसा गेला ते ऐका. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आमच्याच कार्यशाळेत, पायाच्या साच्यासाठी त्यांच्या मांडीवर लावलेलं प्लास्टर सुकत होतं तेव्हा. प्लास्टर सुकेपर्यंत माणसाला हलता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे लोक पुष्कळ खरं बोलतात.

बाबा मालट्रक चालवायचे. पुढच्या ठाण्यावर रसद पोहोचवायची, रिकामी गाडी परत आणायची. एका सकाळी त्यांनी वरिष्ठांना सांगितलं की ब्रेक धरत नाहीये, उतार आहे, गाडी तपासल्याशिवाय नेऊ नये. वरिष्ठ म्हणाले, लढाईत तक्रार करत नसतात, निघा. बाबा निघाले. शेजारी त्यांचा जोडीदार बसला होता, दोन वर्षं एकाच ताटात जेवलेला. तिसऱ्या वळणावर गाडी उलटली. जोडीदार जागच्या जागी संपला आणि बाबांचा उजवा पाय गाडीखाली राहिला. शत्रू त्या दिवशी दूरवर कुठेही नव्हता. कोण हसत होतं तिथे, मला सांगा!

प्लास्टरवर बोट फिरवत बाबा मला म्हणाले, “मी एकदाच बोललो. दोनदा बोलायला हवं होतं.”

म्हणून ते पुढे जन्मभर दोनदा, तीनदा, दहादा बोलत राहिले. ज्यांना त्यांचा जाच झाला त्यांची मी क्षमा मागते, पण त्यांच्या वतीने नाही. त्यांनी ती मागितली नसती.

तेव्हा आपल्याकडे तक्रारवही होती. लाल पुठ्ठ्याची, खिडकीजवळ दोरीने बांधलेली. ज्याला पाय टोचतो, ज्याचं बक्कल सुटतं, त्याने तिथे लिहायचं. आणि शनिवारी सकाळी काम सुरू होण्याआधी मास्तर, म्हणजे आमचे मुख्य कारागीर, ती वही मोठ्याने वाचायचे. ज्याच्या कामावर तक्रार असेल त्याने आपल्या बाकाजवळ उभं राहून ती ऐकायची. उत्तर द्यायचं नाही, कारण सांगायचं नाही. ऐकायचं आणि कामाला लागायचं. नव्या लोकांना हा अपमान वाटेल. आम्हालाही वाटायचा. पण शनिवारी उभं राहायला नको म्हणून आम्ही शुक्रवारी प्रत्येक कड पुन्हा एकदा कानशीने घासायचो.

त्या वहीत बाबांच्या एकेचाळीस तक्रारी आहेत. एकही तक्रार न करणारे म्हणे! मास्तरांना त्यांचं अक्षर दिसलं तरी घाम फुटायचा. पट्टे शिवणारी मावशी तर बाबा फाटकातून आत येताना दिसले की शिवणयंत्राखाली काहीतरी शोधायला लागायची. मावशी, आज तरी कबूल कर.

मग मी इथे कामाला लागले. दुसऱ्या वर्षी मास्तर म्हणाले, आता एक अख्खा पाय तू एकटीने कर, आणि गिऱ्हाईक म्हणून माझ्यासमोर कोण आणून उभं केलं? बाबा. मास्तर तसे दुष्टच होते.

पायाची उंची मोजायची आमची पद्धत साधी आहे. माणसाला उभं करायचं, तोकड्या बाजूखाली पातळ फळ्या सरकवत जायचं, आणि कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली की थांबायचं. मी फळ्या सरकवल्या, हाडं रेषेत आली, आकडा लिहून घेतला. सगळं पुस्तकाप्रमाणे. पण चूक झाली होती, आणि ती कोणाची, ते अजून मला ठरवता येत नाही. लेक पहिल्यांदा मोजमाप घेतेय म्हणून बाबा सावधानमध्ये उभे होते. छाती पुढे, श्वास वर, कंबर उचललेली. त्यांच्या आयुष्यात ते इतके ताठ कधी चालले नव्हते. मी त्या ताठ माणसाचं माप घेतलं आणि वाकून चालणाऱ्या माणसासाठी पाय केला.

पाय एक बोट लांब झाला.

त्यांनी तो घातला, चार पावलं टाकली, म्हणाले, उत्तम. मास्तरांनी मान हलवली. मी हवेत. दोन शनिवार गेले, चार गेले, सहा गेले, वहीत बाबांचं अक्षर नाही. सगळे मला म्हणायला लागले, काय पाय केलास बाई, तुझ्या बाबांचं तोंड बंद झालं. मला इतका अभिमान वाटत होता की मी एकदासुद्धा विचार केला नाही, तोंड बंद का झालं असेल.

आम्ही कारागीर माणसाचा चेहरा नंतर बघतो, आधी बूट बघतो. एके दिवशी घरी दाराशी बाबांचा उजवा बूट पडला होता. उचलून पाहिला तर टाचेला काही नाही आणि पुढचं टोक पार घासून भोक पडलेलं. लांब झालेल्या पायाचं टोक जमिनीला घासतं. सहा आठवडे हा माणूस पाय ओढत चालत होता, पाठ दुखते म्हणून भिंतीला टेकून बसत होता, आणि विचारलं की म्हणत होता, रस्ता खराब आहे.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी तो बूट त्यांच्यापुढे आपटला. म्हटलं, “बाबा, सगळ्यांवर लिहिता आणि माझ्यावर का नाही? मी कामगार नाही का?”

 दुसऱ्या दिवशी ते केंद्रात आले, रांगेत उभे राहिले, आणि वहीत लिहून परत गेले. शनिवारी मास्तरांनी ते वाचलं, मी माझ्या बाकाजवळ उभी राहिले. मला ते पाठ आहे. “पाय एक बोट लांब आहे. मोजताना मी ताठ उभा राहिलो, ही माझी चूक. मोजणाऱ्याने ते ओळखलं नाही, ही तिची. परत बनवावा.”

मी नोकरीत पुरस्कार दोन मिळवले. ते कुठे ठेवलेत मला आठवत नाही. पण त्या शनिवारी मी खऱ्या अर्थाने कारागीर झाले, आणि ते मला माझ्या बापाने केलं. तो दुसरा पाय मी बनवला आणि तोच त्यांनी शेवटपर्यंत वापरला. तुम्ही कपाटात ठेवलात तो हाच. तक्रारीतून निघालेला पाय आणि वर पाटी, एकही तक्रार न करणाऱ्या वीरास!

साहेब, अस्वस्थ होऊ नका, अजून थोडं आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्ही वहीचं वाचन बंद केलंत. कर्मचाऱ्यांचं मनोबल खचतं म्हणालात. वहीच्या जागी कुलूप लावलेली पेटी आली. त्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे मी तीन वर्षं विचारतेय. लेखनिक म्हणतो भांडारात, भांडारवाला म्हणतो कार्यालयात. आणि आपल्या वार्षिक अहवालात दरवर्षी छापून येतं, तक्रारी शून्य. मागे बसलेल्या मंडळींनो, खरं सांगा, कोणाचाच पाय टोचत नाही? हे बघा, हात वर झाले. एक, दोन… राहू द्या, मला मोजायचे नाहीत. साहेबांना दिसले, तेवढं पुरे.

बाबांना त्या उतारावर जे ऐकवलं गेलं, लढाईत तक्रार करत नसतात, तेच आपण पितळेवर कोरून त्यांच्या पायाखाली ठोकलंय. त्यांच्या जोडीदाराचा जीव ज्या वाक्याने घेतला, ते वाक्य त्यांचं कौतुक म्हणून लावलंय. मी हे होऊ देणार नाही. माझा निरोप समारंभ बिघडला तरी चालेल.

आणि आता कबुली देते. कापड ओढायला पाहुण्यांना उगीच उठवू नका, त्या कपाटात पाय नाहीये. जेवणाच्या सुट्टीत मी चार स्क्रू काढले. चौतीस वर्षं पेचकस हातात धरलाय, काचेचं कपाट मला काय अवघड! पाय इथे माझ्या पिशवीत आहे. हा बघा. हा उद्यापासून शिकाऊ लोकांच्या पहिल्या बाकावर राहील. त्यांनी तो उघडावा, मोजावा, आत कुठे काय चुकलंय ते शोधावं. चुकलेलं आहे, मला माहीत आहे.

कपाटात मी लाल वही ठेवलीय. भांडारात रद्दीच्या गठ्ठ्यात सापडली, दोरीसकट. काच लावलेली नाही, शेजारी पेन आहे, आणि शेवटच्या पानावर मी एक तक्रार लिहिलीय. ती वाचून दाखवते. साहेब, दादा, आपली पद्धत तुम्हाला आत्ताच सांगितली, ज्याच्या कामावर तक्रार असते त्याने उभं राहून ऐकायचं.

उठलास. शाब्बास दादा. साहेब, तुम्हीही. धन्यवाद.

“पाटीवरचा मजकूर खोटा आहे. वडिलांबद्दल घरात नीट सांगितलं नाही, ही माझी चूक. लिहिणाऱ्याने विचारलं नाही, ही त्याची. परत बनवावी.”

बसा आता. तुम्ही सगळ्यांनी आज मला फुलं दिलीत, घड्याळ दिलंत, चार चांगले शब्द दिलेत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. मावशी, चौतीस वर्षं माझ्या डब्यातलं खाऊन माझ्यावरच कुरकुर केलीस, तुझे वेगळे आभार. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर कृपा करून मला माफ करू नका. वहीत लिहा. शनिवारी मोठ्याने वाचा. मी येईन आणि माझ्या बाकाजवळ उभी राहीन.