वाटेल तेवढं म्हणजे किती हो?

...आणि वर म्हणे, वाटेल तेवढे द्या. अहो, वाटेल तेवढं म्हणजे किती हो? आकडा सांगा ना. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, काडी बदलायला आलेल्या माणसाला मी असं म्हटलं तर मालक मला काडीसकट बाहेर काढेल. पण त्या हॉटेलात भिंतीवर चक्क पाटी आहे, चांगली हातभर लांब, 'पोटभर जेवा आणि वाटेल तेवढे द्या', दाराशी एक लाकडी पेटी, पेटीशेजारी पाकिटांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेलं पेन. म्हणजे बघा, पैशाच्या बाबतीत माणसावर एवढा विश्वास, आणि पेनाला मात्र दोरी. असो. तुम्हाला सांगतो, त्या पाटीनं आमच्या भाऊजींचं जे काही केलं ना...

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. सरकारी नोकरीत होते, दुकानदारांची वजनं-मापं तपासायचे. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा, वजन उलटंपालटं करून बघायचं, शिक्का मारायचा, खाली सही, तारीख, की पुढचं दुकान. तीस वर्षं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी कोपऱ्यावरचा भाजीवाला अजून त्यांना बघितलं की दोन बटाटे जास्त टाकतो. आता असा माणूस घरी जेवायला बसला की काय करणार? तपासणारच. पहिला घास तोंडात, डोळे मिटलेले, समोर ताई उभी, हातात डाव. 'कसं झालंय?' आणि हे अगदी सावकाश, 'मीठ... जरा कमी.' नाहीतर, 'मीठ... जरा पुढे.' आणि फारच खूश असले तर, 'चालेल.' चौतीस वर्षांच्या संसारात गाडी 'चालेल'च्या पुढे गेली नाही. बरं, माणूस वाईट नाही हो. ताईला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतील, तासातासाला ताप मोजून कागदावर लिहून ठेवतील. पण तोंडातून एक चांगला शब्द काढायचा म्हणजे दाराची कडी गंजल्यासारखं काहीतरी होतं त्यांचं.

तर झालं काय, भाऊजींचे ऑफिसातले जुने चौघे जेवायला आले होते. मीही होतो. ताई पहाटेपासून उभी. जेवण असं झालं होतं की चौघांनीही पट्टे सैल केले. त्यातला एक म्हणाला, 'वहिनी, तुम्ही हॉटेल काढा.' आणि भाऊजी, पाणी पिता पिता, 'हिच्या हॉटेलात? फुकट दिलं तरी कुत्रं फिरकायचं नाही.' सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. ताईसुद्धा हसली हो. हसत हसत भाताचं पातेलं उचललं आणि आत गेली, ती पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

महिन्याभरानं एका सकाळी चहाचा कप भाऊजींच्या हातात देताना म्हणाली, 'मला काम लागलंय. मागच्या रस्त्यावर ते नवीन हॉटेल आहे ना, तिथे, स्वयंपाकाचं.' भाऊजी म्हणाले, 'किती देतात?' तर ताई म्हणाली, 'माझं ठरलेलं आहे. जेवणाऱ्यांचं ठरलेलं नाही.'

झालं. दुपारचं ताट झाकून ठेवून बाई सकाळीच बाहेर. आणि भाऊजी? तीन आठवडे त्या हॉटेलासमोरच्या फुटपाथवरून फेऱ्या. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. चौथ्या आठवड्यात माझ्या दुकानात आले. 'चष्मा सैल झालाय.' मी बघितला, घट्ट. म्हटलं, 'भाऊजी, ठीक आहे की.' इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि, 'तू जेवलास का रे?' मी डबा ड्रॉवरमध्ये ढकलला. काय करता?

आत सात टेबलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा. पडद्याखालून नुसते हात येतात, ताटली ठेवतात, जातात. भाऊजी मुद्दाम त्या खिडकीकडे पाठ करून बसले. मालकीणबाई आल्या, आवाज असा की जसं काही आपणच आजारी आहोत, 'बसा हं निवांत... काही घाई नाही... मनाला येईल ते द्या...' भोपळ्याचं सूप आलं, पाव आला, बटाट्याची भाजी, भात. भाऊजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी आपला वाट बघतोय, आता मीठ येणार, आता येणार. नाही आलं. दुसरा घास, तिसरा... अहो, ताटली पावानं पुसून काढली त्यांनी. घरी बोटभर भाजी कायम टाकणारा माणूस.

शेजारच्या टेबलावर एक बस ड्रायव्हर, चांगला आडवा माणूस, तो आपणहून बोलायला लागला, 'पहिल्यांदाच दिसताय. महिना झाला, आत नवीन बाई आल्यात. आधी मी इथे यायचो स्वस्त पडतं म्हणून. आता फार महाग पडतं.' भाऊजी म्हणाले, 'महाग कसं? वाटेल तेवढंच द्यायचंय ना?' 'तेच तर. हात आखडता घेववत नाही हो.' भाऊजी पाणी प्यायले. मग म्हणाले, 'एवढं काय आहे त्यात?' पण असं म्हणाले की कोणीतरी सांगावं.

मग पेटी. वाटेल तेवढं म्हणजे किती हो? भाऊजींनी पाकीट घेतलं, एक नोट घातली, काढली, दुसरी घातली, पहिली परत घातली, दोन्ही काढल्या. मागे रांग. हे माझ्या कानात, 'साहित्य धरलं, गॅस धरला, मजुरी धरली... तरी कमीच भरतंय रे.' मी म्हटलं, 'मग वर घाला थोडे.' 'वर किती?' 'वाटेल तेवढे.' 'तू गप्प बस.' थोडे घालावेत तर ताईला दिसणार, जास्त घालावेत तर चौतीस वर्षं काय केलं म्हणून तीच विचारणार. कपाळावर घाम. मागून एक नर्सबाई, 'काका, जरा आटपा, माझी ड्यूटी आहे.' तेव्हा घाबरून जी हाताला लागली ती नोट घातली. आणि पाकिटावर एक ओळ छापलेली, 'काही सांगायचं असल्यास'. पेन हातात आलं. मी तोंड फिरवलं, म्हटलं, लिहू दे बाबा, आता तरी लिहू दे. मग राहवेना, डोकावलो. बारीक, सुवाच्य अक्षरात, 'मीठ जरा कमी'. खाली सही. तारीख.

संध्याकाळी ताई घरी आली, पर्समधून ते पाकीट काढलं आणि भाऊजींच्या ताटाशेजारी ठेवलं. हे मला भाऊजींनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, खाली मान घालून. ताई म्हणाली, 'मीठ कमी नव्हतं. मी चाखून बघते.' हे म्हणाले, 'अगं, सवयीनं लिहिलं.' ती म्हणाली, 'माहीत आहे.' भांडण नाही, रडणं नाही. फक्त म्हणाली, 'उद्यापासून दुपारचं तिकडेच येत जा. दोन्हीकडचं होत नाही माझ्याच्यानं.' आणि त्या दिवसापासून तिनं 'कसं झालंय?' विचारणं बंद केलं. रात्रीचं घरीच असतं की जेवण, वाढते, बसते, स्वतः जेवते, उठते. विचारत नाही.

आता ही शिक्षा कोणाला, सांगा. रोज दुपारी भाऊजी तिथे, रोज मी बरोबर, कारण एकट्याला म्हणे पेटीपाशी सुधरत नाही. रोज तेच पाकीट, रोज तोच घाम. वाटेल तेवढं म्हणजे किती हो? दोन महिने झाले. नोट वाढत गेली, पाकिटावरची ओळ मात्र कोरी. मी म्हटलं, 'भाऊजी, सांगून टाका ना तिला एकदा.' तर म्हणाले, 'मध्येच कसं सांगायचं? तिनं विचारलं तर सांगता येईल.' म्हटलं, 'ती आता विचारणार नाही.' मग म्हणाले, 'मला पण तसंच वाटतंय.'

शेवटी गेल्या गुरुवारी ठरलं. जेवायला जायच्या आधी माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या आरशासमोर, तालीम. 'आज भाजी चांगली झाली होती.' मी म्हटलं, 'फार चांगली म्हणा.' 'फार म्हणजे खोटं वाटेल.' 'मग खूप म्हणा.' अर्धा तास गेला एका शब्दात, दोन गिऱ्हाइकं निघून गेली, मालक माझ्याकडे बघतोय. जेवलो. भाऊजींनी भाजी दोनदा मागून घेतली. खिशातली सगळ्यात मोठी नोट पाकिटात घालून पेटीत टाकली, न थांबता, आणि पेनाला हातही लावला नाही. म्हणाले, 'आज तोंडानं सांगणार.' संध्याकाळी मला साक्षीदार म्हणून घरी घेऊन गेले.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, आमच्याकडे पाठमोरी. भाऊजींनी बूटसुद्धा काढले नाहीत. दारातच उभे राहिले आणि एका दमात, 'आज भाजी फार चांगली झाली होती.' फार म्हणाले हो, मी ऐकलं.

ताई वळली. तोंडातून कापसाचा बोळा काढला, लालभडक, आणि जड जिभेनं म्हणाली, 'आज मी गेलेच नव्हते. दाढ काढली.'

गाल हा एवढा सुजलेला. मग भाऊजी खाली बसले, बुटाच्या नाड्या सोडायला लागले, आणि वर न बघता विचारलं, 'कधीपासून दुखतेय?'

'सोमवारपासून.'

म्हणजे बघा, चार दिवस बाई धड जेवली नाही, तोंडातून शब्द काढला नाही, आणि हे रोज समोर बसून जेवतायत... यांना वाटलं, अजून रागावलीय.