दोन्ही बूट काढा

— नाही, दुसरा पण. एक काढून भागत नाही, दुसऱ्या पायानं काय तुम्ही उडत जाणार आहात? बसा त्या बाकावर. मोजे पण काढा. हो, मोजे पण – लाजू नका दादा, सव्वीस वर्षं या धक्क्यावर लोकांचे मोजेच बघतेय मी, माणसाचं तोंड विसरते पण मोजे विसरत नाही. शी! हे काय आहे? कुसळं. बघा, शिवणीत कशी घुसून बसलीत – चिमटा लागणार याला. आणि तळाला हा चिखल, कुठून तुडवत आणलात? बूट धुऊन आणा म्हणून परवान्याच्या पत्रात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचता का? नाही वाचत. कोणीच नाही वाचत. वर्ष-वर्ष आधी बेत आखता, बोटीत जागा धरून ठेवता, दुर्बीण घेता, टोपी घेता, बेटाचा नकाशा तोंडपाठ करता – आणि बूट धुवायला पाच मिनिटं नाहीत.

काय म्हणालात, परतीची बोट? गुरुवारी. समुद्राच्या मनात असेल तर. नसेल तर सोमवारी. म्हणून चार दिवसांचं खाणं जास्तीचं घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण हसतो. तिथं दुकान नाही, गरम पाणी नाही, कचऱ्याचा डबा नाही – आपला कचरा आपण परत आणायचा. मागच्या खेपेला एक बाई विचारत होती, तिथं केस वाळवायची काही सोय आहे का. राष्ट्रीय उद्यान आहे बाई ते, मावशीचं घर नाही! आणि तिचा नवरा – त्यानं तर कहर केला. बॅगेतल्या जादा मोज्यात सफरचंद लपवलेलं. मोज्यात! खायची वस्तू! आणि सापडल्यावर मलाच म्हणतो, एका सफरचंदानं काय बेट बुडणार आहे? हे असं बोलणाऱ्यांची मला किळस येते. एका बीनं काय होतं म्हणे – पाय वर घ्या, पाणी सांडतंय.

एका बीनं काय होतं ते मी सांगते ना. पिवळं माहितीये तुम्हाला? ऑफिसात सगळे नुसतं पिवळंच म्हणतात त्याला, खरं नाव मोठ्या साहेबांनाच येतं. दिसायला गोड फूल हो, पण अख्खा पश्चिमेचा उतार गिळला त्यानं. तिथले पक्षी जमिनीत बीळ करून अंडी घालतात. या पिवळ्याची मुळं जाळीसारखी पसरतात आणि बिळांची तोंडंच बुजतात. पिल्लं आत, आई चोचीत मासा घेऊन बाहेर. फिरते, फिरते, दार सापडत नाही. पंधरा वर्षं झाली, माणसं जाऊन ते उपटतायत. साहेबांनी एकदा आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून भाषण दिलं – हे तण जुन्या काळी मालाच्या जहाजातून आलं असावं. असावं म्हणे! मी मागच्या रांगेत बसले होते. मनात म्हटलं, जहाज कसलं घेऊन बसलात साहेब, दुकानातल्या पुडीतून आलं ते. बियांची कागदी पुडी, वर फुलाचं चित्र.

मला कसं माहीत? ऐकलेलं. हात आणा इकडे, नखं बघू दे. नखांतसुद्धा माती असते लोकांच्या, शी… खिसे उलटे करा. दोन्ही.

नाही, ऐकलेलं नाही. मी तिथलीच आहे. आता तुम्ही बोटीनं निघून जाल, सांगितलं तर काय बिघडतं? वडील दीपगृहावर कामाला होते, मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या आमच्या. मी नऊ वर्षांची. आई तापानं पडली आणि समुद्र खवळलेला, अकरा दिवस बोट नाही. वडील सारखे जिना चढून वर जायचे, बोट दिसते का बघायला. आठव्या दिवसानंतर नाही गेले. गरज नव्हती. तिथंच पुरलं तिला, खोल्यांच्या मागे. मी किनाऱ्यावरून पांढरे दगड आणले – मला उचलवतील तेवढेच, सात – आणि भोवती मांडले. आईच्या पेटीत ती पुडी होती, दारापुढे लावायला मागवलेली. अख्खी पुडी ओतली मी. रोज पाणी घातलं. पहिलं फूल आलं तेव्हा नाचले होते हो मी! वडील बघत राहिले. पुढं त्यांची बदली झाली, आम्ही निघालो, आणि ते फूल मात्र निघालं नाही. लोकांची किळस येते म्हणते मी – स्वतःची जास्त येते, खरं सांगायचं तर.

नाही, एकदाही नाही गेले. नोकरीतल्यांना बोट फुकट आहे, तरी नाही. काय तोंड घेऊन जाऊ? आणि गेलेच, तर माझे बूट कोण तपासणार? परत आलेल्यांना मी आपलं सहज विचारते, पिवळं दिसलं का कुठं? नाही म्हणाले की मोठ्यानं म्हणते, बरं झालं. आता एकच ताटवा उरलाय म्हणतात. कुठं, ते मला कोणी सांगायला नको. दिसला म्हणाले की… जाऊ दे. झाले तुमचे बूट. तळ बघा, त्यावर जेवाल इतका लख्ख.

आणा कागद, शिक्का मारते. किती दिवस – चार. येण्याचं कारण – फोटोच असणार, सगळ्यांचं तेच… हे काय लिहिलंय? तण निर्मूलन. शेवटचा ताटवा. दीपगृहामागे.

तुम्ही? आणि इतका वेळ नुसते ऐकत बसलात?

नाही, उठू नका. माफी कसली मागताय, तुमचं काम आहे ते. हा घ्या, मारला शिक्का. नीट ऐका आता. वरून ओढायचं नाही, मूळ तुटतं आणि दुप्पट उगवतं. कुदळीनं हातभर खाली जा, चारी बाजूंनी मोकळं करा आणि मुळासकट काढा, तसूभर ठेवू नका. पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. पण हातभरच. त्याच्या खाली नका जाऊ. आणि दगड… दगड काही तण नाही. ते राहू द्यात जिथल्या तिथं.

काय? एक फूल आणू? खबरदार! काही आणायचं नाही तिथून, समजलं? बीसुद्धा नाही, पाकळीसुद्धा नाही, मी स्वतः पिशव्या तपासते येताना. घाला बूट. भोंगा झाला, बोट थांबणार नाही. जा.

पुढचे कोण? या, बसा. दोन्ही बूट काढा. मोजे पण.